खुलं आवाहन, बंद प्रश्न: मीडिया लॅबच्या कार्यशाळांची समीक्षा



समीक्षा म्हटली की आपल्यासमोर कादंबरी येते, नाटक येतं, फार तर चित्रांचं प्रदर्शन येतं. आज आम्ही समीक्षेला घेतलाय तो कार्यक्रमाचा एक प्रकार. विद्यापीठातली एखादी मीडिया लॅब जाहीर करते: या, कल्पना पाठवा, दोन-तीन दिवस आमच्याबरोबर काम करा, निवडक कामांचं प्रदर्शन भरवू, बक्षीसही देऊ. आवाहन, कार्यशाळा, प्रदर्शन. हे सगळं आता इतकं अंगवळणी पडलंय की त्याच्याकडे कुणी टीकेच्या नजरेनं बघत नाही. कार्यक्रम झाला, फोटो निघाले, बातमी आली, विषय संपला. नाटक बघून बाहेर पडताना आपण निदान एवढं तरी म्हणतो की दुसरा अंक पडला. इथे तेवढंही कुणी बोलत नाही.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. अशा आवाहनात उत्तर द्यायची मुभा सगळ्यांना असते, पण प्रश्न आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेला असतो. म्हणून या उपक्रमांची पारख करताना किती प्रवेशिका आल्या, किती देशांतून आल्या, हे बघून फारसं काही कळत नाही. प्रश्न कुणी ठरवला, आणि प्रदर्शनाची टेबलं उचलल्यावर वस्तू, हत्यारं आणि निर्णय कुणाच्या हातात राहिले, हे बघावं लागतं.

उदाहरण म्हणून आम्ही एमआयटी मीडिया लॅब घेतोय. पुण्यात एमआयटी म्हटलं की लोकांना कोथरूड आठवतं, म्हणून खुलासा केलेला बरा. ही अमेरिकेतली, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधली लॅब. निकोलस निग्रोपॉन्टे आणि जेरोम वीझनर यांनी ती उभी केली आणि १९८५ साली तिचं दार उघडलं. हीच का घ्यायची? एक तर जगभरातल्या अशा लॅब्जनी हिचाच कित्ता गिरवलाय. आणि दुसरं म्हणजे हिचे धागे आपल्या पाबळला, बारामतीला आणि नाशिकला येऊन पोचलेत. त्यामुळे हा परक्यांच्या घरचा विषय राहत नाही.

लॅबचा स्वभाव समजून घ्यायचा तर तिचं जुनं ब्रीद बघा. अमेरिकी विद्यापीठांत म्हणतात, 'पब्लिश ऑर पेरिश', म्हणजे लिहा नाहीतर संपा. मीडिया लॅबनं त्याचं केलं 'डेमो ऑर डाय'. निबंध नंतर लिहा, आधी चालणारी वस्तू दाखवा. लॅबचा बराचसा खर्च सदस्य कंपन्यांच्या वर्गणीतून चालायचा आणि त्या कंपन्यांची माणसं वेळोवेळी येऊन नवं काय काय झालं ते बघून जायची. म्हणजे प्रदर्शन हा तिथे वर्षाच्या शेवटी करायचा उत्सव नव्हता, संशोधन कसं करायचं याचीच ती रीत होती.

यात मोठी ताकद आहे, हे आम्ही मान्य करतो. कागदावर वाट्टेल ते खपतं, वस्तू मात्र चालते किंवा चालत नाही. पण डेमोची एक खोड असते. डेमो पाच मिनिटं चालला की पुरे. आपल्याकडे कृषी प्रदर्शनात शेतकरी यंत्रासमोर उभा राहतो तेव्हा पहिला प्रश्न काय विचारतो? पार्ट कुठे मिळतात, आणि बिघडलं तर दुरुस्तीला तालुक्याला कुणी आहे का? प्रदर्शनाचा खरा समीक्षक तो. लॅबच्या प्रदर्शनात हा प्रश्न विचारणारं माणूस बहुधा हजरच नसतं. २०११ साली जोई इटो संचालक झाले आणि पुढे त्यांनी ब्रीद बदलून 'डिप्लॉय ऑर डाय' केलं, म्हणजे वस्तू नुसती दाखवू नका, वापरात आणा. खोड त्यांच्याही लक्षात आली होती. पण वापरात आणायची म्हणजे कुणाच्या वापरात, हे ब्रीदात कुठे लिहिलेलं नव्हतं.

आता प्रत्यक्ष एका कार्यशाळेकडे येऊ. तिच्यावर आम्ही जरा जास्त वेळ घालवणार आहोत, कारण तिथे लॅबमधल्याच लोकांनी स्वतःच्या कार्यक्रमाची समीक्षा केली आणि तो बदलून दाखवला.

अंगावर पाजणाऱ्या आईला कामावर परत जायचं असेल तर दूध काढून ठेवावं लागतं. त्यासाठी पंप असतो. तो आवाज करतो, दुखतो, वापरताना संकोच वाटतो. कॅथरीन डिग्नाझिओ ही मीडिया लॅबमधली संशोधक. जगातल्या सगळ्यात आधुनिक म्हणवणाऱ्या त्या इमारतीत तिला बाथरूमच्या फरशीवर बसून दूध काढावं लागायचं. ती आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१४ च्या सप्टेंबरात लॅबमध्येच हॅकेथॉन भरवली. आधी लोकांकडून कल्पना आणि तक्रारी मागवल्या. त्या हजाराहून जास्त आल्या. मग दीडशेच्या आसपास माणसं दोन दिवस बसली: इंजिनिअर, डिझायनर, नर्सेस, आया आणि त्यांची तान्ही बाळंही. पहिलं बक्षीस मिळालं ते पंप कमरेच्या पट्ट्यात बसवण्याच्या कल्पनेला, म्हणजे आईचे हात मोकळे राहतील. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं.

इथे थांबले असते तर हा 'यशस्वी कार्यक्रम' म्हणूनच नोंदला गेला असता. पण त्यांनी मागे वळून बघितलं. आलेल्या लोकांत बहुसंख्य गोरे, शिकलेले, बऱ्या पगाराच्या नोकऱ्यांतले होते. ज्या बाईला दुकानाच्या काउंटरवर आठ तास उभं राहायचंय, जिला दूध काढायला सुट्टीच मिळत नाही, तिला कमरेचा पट्टा काय कामाचा? तिची अडचण पंपाची नव्हतीच, रजेची होती. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानं पगारी बाळंतपणाची रजा मिळत नाही. १९९३ च्या कायद्यानं मिळते ती १२ आठवड्यांची बिनपगारी रजा, आणि तीही सगळ्यांना नाही.

हे ध्यानात घेऊन २०१८ च्या एप्रिलमध्ये दुसरी खेप झाली आणि तिची रचनाच वेगळी होती. कृष्णवर्णीय, मूलनिवासी आणि कमी उत्पन्न असलेल्या आयांमध्ये आधीपासून काम करणाऱ्या स्थानिक गटांबरोबर आगाऊ भागीदारी केली. हे गट आपापला प्रश्न घेऊन आले. हॅकेथॉनच्या जोडीला कौटुंबिक रजेवर धोरण-परिषद ठेवली. कलाप्रदर्शनही होतं, आयांचे अनुभवही गोळा केले होते. आणि आयोजकांनी आधीच्या चुकांसकट हे सगळं शोधनिबंधात लिहून काढलं.

फरक बघा. दोन्ही वेळी आवाहन होतं, कार्यशाळा होती, प्रदर्शन होतं. पहिल्या खेपेला प्रश्न होता, पंप सुधारायचा कसा. दुसऱ्या खेपेला बायका म्हणाल्या, पंपाचं बोलूच, पण आधी रजेचं बोला. यंत्राचा प्रश्न हक्काचा प्रश्न झाला तो यामुळे. आपल्याकडेही हेच आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आली, पण मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीच्या फडावर गेलेल्या बाईपर्यंत ती पोचत नाही. उद्या आपल्या एखाद्या विद्यापीठानं 'मातृत्व आणि तंत्रज्ञान' असं आवाहन काढलं तर तिथे तिला प्रश्न मांडायची जागा असेल, की तिच्यासाठी कुणीतरी ॲप बनवेल?

या कार्यक्रमावर आमचा आक्षेप उरतो तो एवढाच की ही दुरुस्ती त्या गटाच्या सचोटीमुळे झाली. लॅबच्या नियमात ती कुठे बसवलेली नव्हती. चांगली माणसं होती म्हणून झालं. संस्थेची पारख अशा माणसांवरून करता येत नाही. ती माणसं नसताना काय होतं, ते बघावं लागतं.

आता महाराष्ट्रात येऊ. याच लॅबमधून निघालेली एक मोठी योजना होती ती शंभर डॉलरच्या लॅपटॉपची. निग्रोपॉन्टेंनी २००५ मध्ये ती जाहीर केली. किंमत शंभरावर काही आली नाही, दोनशेच्या जवळ गेली. केंद्र सरकारनं ती नाकारली, तरी रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत तिचा प्रयोग झाला. यात यंत्र आधी ठरलं आणि गावं नंतर शोधली गेली, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

कारण पाबळला याच्या बरोबर उलट घडलं. पाबळ म्हणजे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं अवर्षणप्रवण गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट केलेले अन्नशास्त्रज्ञ, हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी सोडून आलेले. १९८३ मध्ये त्यांनी इथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलं इथे वेल्डिंग, बांधकाम, वीजकाम, शेती हातानं करत शिकायची, आणि तीच कामं गावासाठीही करायची. जमिनीखाली पाणी कुठे लागेल याची चाचणीसुद्धा. थोडक्यात, गावाचे प्रश्न या संस्थेला वीस वर्षं पाठ होते. तिथे २००२ मध्ये नील गर्शेनफेल्ड यांच्या गटाची फॅब लॅब आली. संगणकावर आखायचं आणि यंत्रावर कापून, घडवून घ्यायचं, अशी ही छोटी कार्यशाळा. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅब्जपैकी ती एक. तिथे कामं कोणती निघाली? दुधाची प्रत तपासायचं साधन, डिझेल इंजिनाचं टायमिंग लावायचं साधन. ही यादी केंब्रिजमध्ये बसून कुणाला सुचली असती? डेअरीत दुधाचा दर फॅटवर ठरतो आणि शेतकऱ्याकडे स्वतःचं मोजमाप नसतं, हे सुचायला डेअरीच्या रांगेत उभं राहिलेलं माणूस लागतं.

फॅब लॅब्जची एक सनदही आहे. तिच्यात म्हटलंय की इथे केलेली रचना ज्याची त्यानं हवी तशी विकावी, पण दुसऱ्याला वापरून शिकता येईल अशी ती राहिली पाहिजे. प्रवेशिकेच्या अर्जावर बारीक टाइपात छापलेल्या 'नियम व अटी' एकदा या सनदेशेजारी ठेवून वाचा.

दुसरं उदाहरण बारामतीचं. २००१ मध्ये केंद्र सरकारनं एमआयटीबरोबर 'मीडिया लॅब एशिया' सुरू केली. दोनच वर्षांत, २००३ मध्ये, ही भागीदारी मोडली. पुढे ती संस्था सरकारी म्हणून चालली आणि २०१७ मध्ये डिजिटल इंडिया कॉर्पोरेशन झाली. भागीदारी का फिसकटली यावर पुष्कळ लिहून झालंय, आम्हाला त्यात शिरायचं नाही. पण त्या काळात आयआयटी मुंबईच्या गटानं बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राबरोबर 'आक्वा' नावाची सेवा चालवली. शेतकऱ्यानं मराठीत प्रश्न विचारायचा, जमलं तर रोगट पानाचा फोटो जोडायचा, आणि तज्ज्ञांनी उत्तर द्यायचं. नावाचा अर्थच होता, 'जवळजवळ सगळ्या प्रश्नांना उत्तरं'. त्यातला 'जवळजवळ' आम्हाला फार आवडतो. हेही खुलं आवाहनच होतं की. पण यात उत्तरं मागवली नव्हती, प्रश्न मागवले होते. बक्षीस नाही, परीक्षक मंडळ नाही, प्रदर्शन नाही. म्हणूनच कदाचित अशा कामाचे फोटो फारसे दिसत नाहीत.

आता नाशिक. इथे निवाडा इतका सोपा नाही. मीडिया लॅबमधले प्राध्यापक रमेश रासकर मूळचे नाशिकचे. २०१५ च्या सिंहस्थाआधी, २०१४ पासून, त्यांच्या पुढाकारानं 'कुंभथॉन' सुरू झालं. एका शनिवार-रविवारचा कार्यक्रम नव्हता हा. दर काही महिन्यांनी शिबिरं भरली, नाशिकची पोरं आणि बाहेरून आलेले संशोधक एकत्र बसले. गर्दी, आरोग्य, निवास, अन्नवाटप असे विषय घेतले गेले. मोबाईल टॉवरच्या आकडेवारीवरून गर्दीचा अंदाज घेता येईल का, इथपर्यंत विचार झाला.

यात नाशिकच्याच एका शाळकरी मुलानं आणि त्याच्या साथीदारांनी 'आशिओतो' नावाची चटई केली. जपानीत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. चटईवरून माणूस गेला की दाबानं मोजणी होते, आणि कुठे दाटी होतेय ते वेळेवर कळतं. या वस्तूमागे एक जखम होती. ऑगस्ट २००३ मध्ये नाशिकच्या कुंभात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मेले होते. आपल्याच शहरात झालेले मृत्यू मनात ठेवून शाळकरी पोरांनी केलेली ही वस्तू २०१५ च्या कुंभात प्रत्यक्ष वापरली गेली. डेमोपासून वापरापर्यंतचा रस्ता इथे खरोखर पार झाला. पुढे नाशिकमध्ये टीसीएसच्या पुढाकारानं 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' उभं राहिलं, म्हणजे मंडप उठल्यावर मागे काहीतरी राहिलंसुद्धा. या दोन्हींचं श्रेय कुंभथॉनला दिलंच पाहिजे.

मग टीका कशावर? गर्दी हा प्रशासनाचा शब्द आहे. गोदाघाटावर आलेल्या बाईला स्वतःला गर्दी म्हणवून घ्यायचं नसतं. तिचा प्रश्न असतो आडोशाचा, स्वच्छ संडासाचा, चुकामूक झालेल्या सासूला शोधण्याचा. रात्री दोन वाजता घाट झाडणाऱ्या सफाई कामगाराचा प्रश्न आणखी वेगळा, हातमोज्यांचा आणि वेळेवर मिळणाऱ्या पगाराचा. हे प्रश्न विषयपत्रिकेवर येतात ते 'स्वच्छता व्यवस्थापन' होऊन, म्हणजे साहेबाच्या भाषेत. शहराला प्रयोगशाळा म्हणायला छान वाटतं. पण प्रयोगशाळेत कुणीतरी प्रयोग करतं आणि कुणावर तरी प्रयोग होतो. मोबाईलच्या खुणांवरून मोजल्या जाणाऱ्या यात्रेकरूला आपण मोजले जातोय हे सांगायचं कुणी? चेंगराचेंगरी टाळायची असेल तर मोजणी हवीच, याबद्दल आमचं दुमत नाही. पण ज्याला मोजायचं, त्याला विषय ठरवणाऱ्यांच्या पंगतीला बसवा, एवढीच मागणी आहे.

शेवटचं उदाहरण खुल्या आवाहनाचंच आहे आणि ते जरा कडू आहे. २०१७ मध्ये मीडिया लॅबनं एक पुरस्कार जाहीर केला, अवज्ञेचा पुरस्कार. समाजाच्या भल्यासाठी, तत्त्वानं, नियम झुगारणाऱ्याला अडीच लाख डॉलर. नाव कुणीही सुचवावं. सविनय कायदेभंग ज्यांच्या पाठ्यपुस्तकात आहे त्या आपल्याला ही कल्पना लगेच पटते. पहिला पुरस्कार गेला डॉ. मोना हॅना-अटिशा आणि मार्क एडवर्ड्स यांना. फ्लिंट शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्यात शिसं आहे हे त्यांनी सरकार नाकारत असताना आकड्यांनिशी दाखवलं होतं. निवड उत्तमच होती.

आणि २०१९ मध्ये उघड झालं की याच लॅबनं, लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या जेफ्री एपस्टीनकडून देणग्या घेतल्या होत्या आणि त्या निनावी म्हणून नोंदवल्या होत्या. पुढच्या वर्षी आलेल्या चौकशी अहवालानुसार त्यानं एमआयटीला एकूण साडेआठ लाख डॉलर दिले, त्यातले सव्वापाच लाख मीडिया लॅबला. जोई इटोंनी राजीनामा दिला. लॅबमधल्या काहींना हे आधी माहीत होतं, काहींनी आत विरोधही केला होता. त्यांना कुणी पुरस्कार दिला नव्हता.

हे आम्ही चिखलफेक म्हणून सांगत नाही. आजच्या मुद्द्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा इथे मिळतो, म्हणून सांगतोय. जगाला खुलं आवाहन केलं: अन्यायाविरुद्ध उभं राहिलेलं माणूस आम्हाला दाखवा. फक्त एक प्रश्न त्या आवाहनाच्या कक्षेत नव्हता: आमच्या दारात पैसा कुठून येतो? म्हणजे दरवाजा सताड उघडा, आणि हिशेबाची वही कुलपात.

म्हणून आमच्या मते लॅब चांगली की वाईट हा निकाल फारसा उपयोगाचा नाही. एकाच संस्थेतून पाबळची कार्यशाळाही निघाली आणि ती निनावी देणगीही निघाली. कार्यक्रमागणिक तपासणी करावी. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आज 'आविष्कार' आहे, हॅकेथॉन आहेत, नवोपक्रम केंद्रं आहेत. तुमच्यापैकी कितीतरी जण तिथे प्रवेशिका पाठवत असतील, काही जण परीक्षक म्हणून बसत असतील. पुढच्या वेळी आवाहन हातात आलं की आधी विषयाची ओळ वाचा आणि विचारा, ही ओळ कुणी लिहिली. ज्याचं दुखणं आहे त्याला विषय बदलायचा अधिकार आहे का, ते बघा. बक्षीस मिळालेली वस्तू वर्षभरानं कोण दुरुस्त करणार, हे परीक्षक म्हणून विचारा, आणि त्याला गुण ठेवा. पैसा कुणाचा, हे आयोजकांनी अर्जावरच छापावं असा आग्रह धरा. आयोजकांना हे अडचणीचं वाटेल. पण पंपाच्या दुसऱ्या खेपेनं दाखवलंय की असं केल्यानं कार्यक्रम बुडत नाही, उलट पहिल्यापेक्षा चांगला होतो.

आणि याला तारीखसुद्धा आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये पुन्हा आवाहनं निघतील, पुन्हा पोरं रात्र रात्र जागून वस्तू बनवतील. त्यांच्या बुद्धीबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. त्यांच्यापुढे ठेवायच्या प्रश्नांची यादी या खेपेला घाटावर बसून, झाडूवाल्यांना, फुलवाल्या बायकांना आणि यात्रेकरूंना विचारून केली जाईल की कार्यालयात बसून, एवढंच आता ठरायचंय.

आम्ही इथे थांबतो. नाशिकचं किंवा पाबळचं कुणी आज ऐकत असेल तर त्यांनी आधी बोलावं. बाकीच्यांचे प्रश्न आपण नंतर घेऊ.